मागचा एक्सल मध्यावर येईना (पाटे काढून कॉइलओव्हर बसवल्यानंतरची गोष्ट)

शिकाऊ_फिटर (धागाकर्ता)

गाडी १९६८ ची मस्टँग, दोन दारी. मागचे पाटे (पट्ट्यांच्या थप्पीच्या स्प्रिंगा) काढले आणि त्या जागी कॉइलओव्हर (शॉक ॲब्सॉर्बरभोवती बसवलेली गुंडाळी स्प्रिंग), एक्सलला पुढे-मागे धरणारे चार समांतर आर्म आणि डावी-उजवीकडे धरणारी एक आडवी पॅनहार्ड दांडी असं किट बसवलं. तीन महिन्यांचे रविवार त्यात गेले. शेवटी चाकं चढवली, चार पावलं मागं जाऊन बघितलं आणि पोटात धस्स झालं. डावं चाक मडगार्डला चिकटायला निघालेलं, उजवं आत दडून बसलेलं. पुढेमागे जरा रुंद टायर टाकायचा विचार आहे, त्यामुळे हे असंच सोडून चालणार नाही.

मोजलं. टायर ते मडगार्डची कड, डावीकडे २१ मिमी, उजवीकडे ३२. म्हणजे ११ चा फरक. पॅनहार्ड दांडीचं उजवं टोक चॅसिसला आहे आणि डावं एक्सलला, त्यामुळे दांडी आखूड केली की एक्सल उजवीकडे ओढला जाणार हे कळत होतं. दोन्ही टोकांना पाऊण इंची रॉड-एंड (आट्यांनी दांडीत बसणारे, गोलात फिरणारे सांधे) आहेत, इंचाला १६ आटे, एकीकडे सुलटे आणि एकीकडे उलटे. म्हणजे दांडीचा एक फेरा दिला की ३.२ मिमी. साडेतीन फेरे दिले, ११ मिमी आखूड झाली. पुन्हा मोजलं.

आता डावीकडे ३२, उजवीकडे २१.

दांडीत भूत आहे की माझ्यात?

सव्वापाना

भूतबित काही नाही, दोनाने भागायचं राहिलं. एक्सल १ मिमी उजवीकडे गेला की डावी फट १ ने वाढते आणि त्याच वेळी उजवी १ ने कमी होते. म्हणजे फरक २ ने बदलला. फरकाच्या निम्मं सरकवायचं. तुमचं ११ चं निम्मं साडेपाच. आता तितकीच दांडी परत लांब करा, दोन्हीकडे साडेसव्वीस येईल.

वाईट वाटून घेऊ नका. मी याच चुकीपायी एकदा ब्रॅकेटला नवं भोक पाडलं होतं. तुमची दांडी निदान फिरवता तरी येते.

ग्रीसवाली

निम्म्याचा हिशोब बरोबर, पण शिकाऊ, एवढ्यात पाना उचलू नका. आधी सांगा, मोजलं तेव्हा गाडी कशावर होती? चाकांवर, की चॅसिसखाली जॅक-स्टँड लावून एक्सल लोंबकळत होता?

शिकाऊ_फिटर

लोंबकळत होता. चॅसिसखाली स्टँड होते. दांडीपर्यंत हात सहज पोचावा म्हणून तसंच ठेवलं. सव्वापाना यांनी सांगितल्यावर लगेच पावणेदोन फेरे उलटे दिले (धीर धरवला नाही), आणि खरोखर २६.५ आणि २६.५ आलं. आता काय बिघडलं?

ग्रीसवाली

बिघडलं काहीच नाही, फक्त जे मध्यावर आलंय ते लोंबकळत्या अवस्थेत. ती अवस्था रस्त्यावर कधीच नसते.

पॅनहार्ड दांडीचं एक टोक चॅसिसला बांधलेलं, त्यामुळे दुसरं टोक वर-खाली जाताना सरळ रेषेत जात नाही, कमानीतून जातं. दाराच्या कडीसारखं. दांडी आडवी असते तेव्हा तिचा आडवा पसारा सगळ्यात जास्त. त्या जागेपासून एक्सल वर जावो नाहीतर खाली, पसारा कमीच होणार आणि एक्सल चॅसिसकडच्या टोकाच्या बाजूला ओढला जाणार. तुमच्या गाडीत ती बाजू उजवी.

दांडी किती लांब आहे आणि एक्सल नेहमीच्या उंचीपासून किती खाली लोंबत होता, हे दोन आकडे द्या. बाकीचं कागदावर निघतं.

शिकाऊ_फिटर

बोल्टपासून बोल्टपर्यंत ९००. लोंबकळत असताना नेहमीपेक्षा अंदाजे ९० मिमी खाली. चाकांवर उभी असताना दांडी जवळजवळ आडवी असते, दोन टोकांच्या उंचीत ५-६ मिमीचा फरक.

ग्रीसवाली

मग ९०० च्या वर्गातून ९० चा वर्ग वजा, त्याचं वर्गमूळ ८९५.५. म्हणजे साडेचार मिमी. लोंबकळता एक्सल त्याच्या खऱ्या जागेपेक्षा साडेचार मिमी उजवीकडे होता. गाडी चाकांवर उतरवा, डावीकडे २२ आणि उजवीकडे ३१ च्या आसपास दिसेल. दिसलं नाही तर मला बोला.

उतरवल्या उतरवल्या मोजू नका मात्र. जॅकवरून खाली येताना टायर जमिनीवर आडवे घसटतात आणि सगळं सस्पेन्शन ताणून धरतात. गाडी मीटर-दोन मीटर मागेपुढे ढकला, मागचा भाग दोनचार वेळा दाबून सोडा, मग टेप काढा.

गंजपत्रा

वाचतोय. माझा प्रश्न थोडा बाजूचा आहे. माझ्या गाडीला अजून पाटेच आहेत आणि तरी मागचं एक चाक बाहेर दिसतं. पॅनहार्ड दांडी नाही, फिरवायला काही नाही. मग पाट्यांच्या गाडीत एक्सल मध्यावर ठेवतं तरी कोण?

सव्वापाना

पाटेच. एक्सलला पुढे-मागे, डावी-उजवीकडे धरून ठेवायचं, गाडीचं वजन पेलायचं आणि वर एक्सलला पिळ बसू द्यायचा नाही, सगळी कामं त्यांच्यावर. पाट्यांच्या थप्पीतून जाणाऱ्या मधल्या बोल्टचं डोकं एक्सलच्या बैठकीतल्या भोकात बसतं आणि यू-बोल्ट वरून आवळून धरतात. तिथे फिरवायला काही नसतं. चाक बाहेर गेलं म्हणजे काहीतरी झिजलंय, वाकलंय किंवा चुकीचं बसलंय.

आधी पुढच्या डोळ्याची (पाट्याच्या टोकाच्या गोलाची) आणि शॅकलची (पाट्याचं मागचं टोक टांगणाऱ्या कडीची) बुशं बघा. सब्बल लावून हलवलं की मेलेलं बुश लगेच कळतं. मग यू-बोल्ट ढिले होऊन मधल्या बोल्टचं डोकं कापलं गेलंय का ते. गाडी खाली करायला मध्ये ठोकळे घातले असतील तर त्यांच्या खुंट्या भोकात नीट बसल्यात का. आणि मागे कोणी एक्सल बदलून बैठका नव्याने वेल्ड केल्या असतील, तर त्या दोन्ही सारख्या अंतरावर आहेत का.

एक गोष्ट मात्र करू नका. बैठकीचं भोक कानशीने लांबट करून एक्सल सरकवायचा मोह होतो. मग ते डोकं कशातच बसत नाही आणि सगळा भार यू-बोल्टच्या पकडीवर येतो.

ग्रीसवाली

यात भर. रबराची बुशं असतील तर डोळ्याचे आणि शॅकलचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच. लोंबकळत आवळले की रबर त्या स्थितीत पकडलं जातं आणि गाडी उतरवल्यावर पिळलेलंच राहतं. गाडी एका बाजूला जरा उंच बसते, बुश लवकर फाटतं, आणि माणूस पाट्याला शिव्या घालतो.

शिकाऊ_फिटर

ग्रीसवाली ताई, दंडवत. गाडी उतरवली, ढकलली, दाबली. डावीकडे २२, उजवीकडे ३१. आकडा न आकडा.

म्हणजे फरक ९, निम्मं साडेचार. आता दांडी तितकी आखूड केली की संपलं ना? या वेळी विचारून करतोय.

ग्रीसवाली

नाही. :)

आता खरा प्रश्न. मध्य कशाचा? तुम्ही मोजताय मडगार्डच्या कडेपासून. ती कड म्हणजे पत्रा. साठीच्या घरातल्या गाडीचा पत्रा किती वेळा ठोकला, बदलला, पुट्टीने भरला, कोणाला ठाऊक? शिवाय टायरच्या कडेवरची अक्षरं आणि कड्या मोजमापात येतात, रिम किंचित डुलत असेल तर तेही येतं. डाव्या-उजव्या चाकाचा ऑफसेट (रिम बोल्टच्या तोंडापासून किती आत-बाहेर बसते ते) वेगळा निघाल्याचं मी स्वतः पाहिलंय. वेगळ्या मापाचं चाक चुकून त्या जोडीत घुसलं होतं.

चाकं काढा. एक्सलच्या नळ्यांखाली, जितकं बाहेर जमेल तितकं बाहेर, स्टँड लावा. म्हणजे गाडीचं वजन स्प्रिंगांवरच राहील आणि उंची चाकांवर असताना होती तीच राहील. आधी चाकांवर असताना एक्सलची नळी ते रेल (गाडीच्या तळाची लांब तुळई) हे उभं अंतर लिहून ठेवा आणि स्टँडवर तेच येतंय का पडताळा. पुढचीही उंची सारखी हवी. मग ब्रेक ड्रमच्या तोंडावर सरळ पट्टी उभी धरा, ती वर रेलच्या उंचीपर्यंत येऊ द्या, आणि तिथून आत रेलच्या बाहेरच्या भिंतीपर्यंत मोजा. दोन्ही बाजूंना.

वाकडी_वाट

एवढा खटाटोप कशाला? डिफरन्शियलचा मधला गोळा गाडीच्या मध्यरेषेवर आणला की झालं की.

सव्वापाना

नको नको नको. कितीतरी गाड्यांत तो गोळा मुद्दामच एका बाजूला असतो. प्रॉपेलर शाफ्टची जागा जमवायला एका बाजूची नळी आखूड, दुसरी लांब, आतले शाफ्टही वेगवेगळ्या लांबीचे. गोळा मध्यावर आणलात तर चाकं बाजूला जातील. गोळ्याकडे ढुंकून बघायचं नाही. चाक जिथे बोल्ट होतं ती तबकडी, तेवढीच खरी.

ओळंबेवाला

मी जरा उशिरा आलो, पण एक शंका काढतोच. रेलपासून मोजायचं म्हणता, पण रेल तरी सरळ आहे हे कशावरून? मागून कधी धडक बसली असेल तर ती रेलही गेलेली असते.

माझी पद्धत सांगतो, वेळ लागतो पण एकदा केली की वाद मिटतो. कारखान्याने पाडलेली भोकं शोधायची, दोन्ही बाजूंना जोडीने असलेली. तुमच्या गाडीत पाट्याचा पुढचा डोळा जिथे बसत होता ती डावी-उजवी भोकं तशीच आहेत. पुढे खालच्या आर्मच्या पिव्हटचे बोल्ट आहेत. चारही जागांवरून ओळंबा सोडायचा आणि जमिनीवर खडूने फुली मारायची. ओळंबा डोलायचा थांबेपर्यंत वाट बघायची, आणि घाई होत असेल तर टोक पाण्याच्या डब्यात बुडवायचं, चटकन स्थिर होतो. मग पुढच्या जोडीचा मध्य, मागच्या जोडीचा मध्य, दोन्हीवरून सुतळी ताणायची. ती गाडीची खरी मध्यरेषा. तिच्यापासून गुण्या लावून रेल मोजा, मडगार्डची कड मोजा, ड्रम मोजा. कोण सरळ आणि कोण वाकडं ते सुतळीच सांगते.

अवांतर: ओळंबा नसेल तर सुतळीला जड नट बांधला तरी चालतो, फक्त टोक नसल्यामुळे फुली मारताना डोळा बरोबर वर धरावा लागतो.

शिकाऊ_फिटर

शनिवार सकाळ ते संध्याकाळ. गॅरेजची जमीन खडूच्या फुल्यांनी भरली. निकाल असा.

रेली सरळ आहेत. मध्यरेषेपासून दोन्ही १ मिमीच्या आत. ड्रमच्या तोंडापासून रेलपर्यंत डावीकडे १९६, उजवीकडे १९२. म्हणजे एक्सल रेलींच्या मानाने फक्त २ मिमी डावीकडे.

आणि मडगार्डची उजवी कड डावीपेक्षा ५ मिमी बाहेर! लोहचुंबक फिरवलं तर चाकाच्या कमानीच्या मागे वीतभर जागेत तो चिकटतच नाही. खाली पुट्टीचा थर. आतून टॉर्च मारला तर जोडाची वेल्डिंग दिसली, कारखान्याची नक्की नाही. आधीच्या कुठल्यातरी मालकाच्या काळात उजवीकडचा अख्खा पत्रा बदललाय.

मी जर मागच्या रविवारी साडेचार मिमी फिरवलं असतं तर एक्सल रेलींपासून अडीच मिमी दुसऱ्या बाजूला गेला असता आणि मी खूश झालो असतो.

रंगारी

पत्र्याचं काम करणारा म्हणून सांगतो, रेल कोणी बघत नाही हो. गाडीच्या मागे उभा राहणारा माणूस चाक आणि मडगार्ड बघतो. टायर घासला तर पत्र्याला घासतो, रेलला नाही. मी असतो तर पत्र्याच्या मध्यावर बसवलं असतं. अडीच मिमीने गाडीला काय कळणार आहे?

ग्रीसवाली

रंगारी, तुमचं शेवटचं वाक्य बरोबर आहे आणि तेच मला सोयीचं आहे. अडीच मिमीने गाडीला काही कळत नाही. आणि कळत नसेल तर रेलशीच जमवू दे की. पत्रा उद्या पुन्हा बदलेल, रेल तिथेच राहील. उद्या कोणी तो उजवा पत्रा नीट केला की एक्सल आपोआप बरोबर.

गाडीला कळतं ते वेगळंच. एक्सल मध्यावर आहे की नाही यापेक्षा काटकोनात आहे की नाही हे दसपट महत्त्वाचं, आणि शिकाऊंनी ते अजून मोजलेलं नाही.

शिकाऊ_फिटर

मोजलं होतं! कर्ण. डोळ्याचं डावं भोक ते एक्सलचं उजवं टोक, आणि उलट. दोन्ही सारखे आले, म्हणून लिहिलं नाही.

ओळंबेवाला

थांबा. एक्सल २ मिमी डावीकडे आहे असं तुम्हीच लिहिलंत. मग कर्ण सारखे यायलाच नको होते.

नीट बघा. एक्सल काटकोनात असून नुसता डावीकडे सरकलेला असेल, तरी उजव्या भोकापासून डाव्या टोकापर्यंतचा कर्ण लांब होतो आणि दुसरा आखूड. कर्णात दोन चुका एकत्र येतात, सरकणं आणि तिरकं होणं. त्या एकमेकींना खाऊनही टाकतात. सरकलेला असून कर्ण सारखे, याचा अर्थ तो तिरकाही आहे.

सरळ अंतर मोजा. डावं भोक ते एक्सलची डावी बाजू, उजवं भोक ते उजवी, दोन्हीकडे एकाच जागी.

शिकाऊ_फिटर

अरे देवा. बरोबर. उजवीकडचं अंतर ३ मिमी जास्त आहे. मोजायच्या दोन जागा एकमेकींपासून ११०० मिमी.

सव्वापाना

११०० ला ३ म्हणजे ०.१६ अंश. ऐकायला काहीच नाही. पण मागचं एक्सल जिकडे रोखलेलं असतं तिकडे गाडीचा मागचा भाग जायला बघतो, मग सरळ जाण्यासाठी पुढची चाकं किंचित वळवून धरावी लागतात आणि स्टिअरिंग सरळ रस्त्यावर तिरकं दिसतं. गाडी खेकड्यासारखी चालते. तुमचं उजवं चाक मागे पडलंय, म्हणजे मागचा रोख उजवीकडे.

एका बाजूचे आर्म दीड मिमी आखूड, दुसऱ्या बाजूचे दीड मिमी लांब. सगळं एकाच बाजूला करू नका, व्हीलबेस हलतो. आणि खालचे फिरवले तितकेच त्या त्या बाजूचे वरचेही, नाहीतर आर्म एकमेकांशी भांडतात आणि एक्सलच्या नळीला पिळ बसतो. आर्मचेही आटे दांडीसारखेच उलटे-सुलटे असतील तर अर्धा फेरा पुरे. झाल्यावर पिनियनचा (प्रॉपेलर शाफ्ट डिफरन्शियलला जिथे जोडतो तिथला) कोन पुन्हा बघा.

ग्रीसवाली

हे आधी, पॅनहार्ड सगळ्यात शेवटी. तिरका एक्सल सरळ होताना मध्यही हलतो. किती, ते दांडी एक्सलपासून किती मागे आहे त्यावर. शिकाऊंच्या फोटोत ती हातभर मागे दिसत नाही, समजा १५० मिमी, तर जेमतेम ०.४ मिमी. म्हणजे या गाडीत क्रम चुकला तरी जग बुडणार नाही, पण दांडी दोनदा कशाला फिरवायची?

जुनाट_पिस्टन

सगळे पॅनहार्डच्या मागे लागलेत म्हणून विचारतो, वॅट जोडणी का नाही लावत? वर-खाली जाताना एक्सल जवळजवळ सरळ रेषेत राहतो, ही कमानीची भानगडच नाही. जेम्स वॅटने वाफेच्या इंजिनासाठी १७८४ मध्ये पेटंट घेतलेली युक्ती आहे, अजून तिला तोड नाही.

सव्वापाना

युक्ती उत्तम, वाद नाही. पण दोन दांड्या, मध्ये फिरणारा बेलक्रँक, त्याचं बेअरिंग, आणि हे सगळं पेट्रोलच्या टाकीखाली आणि एक्झॉस्टच्या शेजारी मावलं पाहिजे. मध्य जमवायचा तर एक दांडी जितकी आखूड तितकीच दुसरी लांब, आणि नेहमीच्या उंचीला बेलक्रँक उभा राहिला पाहिजे. ९०० च्या दांडीत ५० मिमी हालचालीला दीड मिमीसुद्धा सरकत नाही. एवढ्यासाठी मी तरी नाही लावणार. ६०० ची आखूड दांडी असती तर विचार केला असता.

गंजपत्रा

आणि माझ्या भावाची १९६६ ची शेव्हेल आहे, तिला कॉइल आहेत, पाटे नाहीत आणि पॅनहार्डही नाही. तिथे काय फिरवणार?

ग्रीसवाली

तिथे वरचे दोन आर्म तिरके लावलेले असतात, तेच एक्सलला डावी-उजवीकडे धरतात. मूळचे आर्म ठराविक लांबीचे, काही फिरत नाही. बुशं नवी घातली की बहुतेक वेळा एक्सल आपल्या जागी जातो. फिरवायचे आर्म लावले असतील तर एक वरचा लांब आणि दुसरा तितकाच आखूड. दोन्ही एकाच दिशेने फिरवले तर एक्सल सरकत नाही, पिनियनचा कोन बदलतो. आर्म ४५ अंशात असेल तर ५ मिमी सरकवायला प्रत्येकी साडेतीन मिमी पुरतात. आणि शेव्हेलला वेगळी चॅसिस आहे, बॉडी तिच्यावर रबरांवर बसलेली. तिथे मडगार्डच्या कडेपासून मोजणं म्हणजे बॉडी चॅसिसवर मध्यात बसलीय असं गृहीत धरणं. मापं चॅसिसपासूनच घ्या.

शिकाऊ_फिटर

आर्म फिरवले, दोन्हीकडे अर्धा अर्धा फेरा. सरळ अंतरं आता सारखी, टेपच्या रेघेइतकाही फरक नाही. ड्रम ते रेल पुन्हा मोजलं तर १९६ आणि १९२ च, ते ०.४ मिमी माझ्या टेपला दिसलं नाही.

मग दांडी. २ मिमी उजवीकडे हवं. एक फेरा ३.२ चा, म्हणजे दांडीवरच्या षटकोनाची एक बाजू अर्ध्या मिमीहून जराशी जास्त. चार बाजू फिरवल्या. १९४ आणि १९४. दोनदा मोजलं, मग बायकोला बोलावून तिच्याकडून मोजून घेतलं, कारण माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास उरला नव्हता. तिलाही १९४ च दिसलं.

चाकं चढवली. मडगार्डपाशी डावीकडे २४, उजवीकडे २९.

रंगारी

हेच म्हणत होतो. पाचचा फरक. रुंद टायर टाकाल तेव्हा डावीकडे आधी घासणार.

सव्वापाना

घासायचं ठरतं ते एक्सल वर जातो तेव्हा, गाडी उभी असताना नाही. मागे माणसं बसली, गतिरोधक आला, एक्सल समजा ७५ मिमी वर गेला. दांडी ९०० ची, मग एक्सल ३ मिमी उजवीकडे ओढला जाणार. डावीकडे २७, उजवीकडे २६. टायर कमानीत शिरतो तेव्हाच दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या आहेत. पत्र्याच्या मध्यावर बसवलं असतं तर डावीकडे साडेएकोणतीस आणि उजवीकडे साडेतेवीस झालं असतं.

हा निव्वळ योगायोग आहे हे मान्य. पण दांडीचं चॅसिसकडचं टोक ज्या बाजूला, त्या बाजूला उभ्या गाडीत थोडी जास्त फट असावी, इतकं लक्षात ठेवायला हरकत नाही.

रंगारी

बरं, हे मी धरलं नव्हतं. मान्य. तरी तो उजवा पत्रा माझ्याकडे असता तर हात शिवशिवले असते.

ग्रीसवाली

रुंद टायरचं माप घ्याल तेव्हा आतली बाजूही बघा, शिकाऊ. सगळे मडगार्डकडे बघतात आणि टायर घासतो आत, रेलला नाहीतर कॉइलओव्हरच्या खालच्या ब्रॅकेटला.

आणि चेकनट (दांडी आपोआप फिरू नये म्हणून लावलेले नट) आवळताना दोन्ही रॉड-एंड एका पातळीत धरा. एक नट आवळताना दांडीसकट रॉड-एंड फिरून कडेला टेकतो. तसाच राहिला तर एक्सल वर-खाली होताना तो अडकतो आणि ब्रॅकेटला पिरगाळतो. आवळून झालं की दांडी हाताने पुढे-मागे डोलवून बघा, दोन्हीकडे सारखी डोलली पाहिजे. आटे किती आत आहेत तेही बघा, पाऊण इंची रॉड-एंड निदान तेवढाच, म्हणजे १९ मिमी तरी आत हवा. जास्त असेल तर उत्तमच.

शिकाऊ_फिटर

आज पहिला मोठा फेरा मारला, ८० किमी. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग सरळ. गाडी खड्ड्यातून बाहेर येताना आधी पाट्यांवर जशी कंबर हलवायची तशी हलत नाही.

परत आल्यावर खाली शिरलो आणि बरं झालं शिरलो. उलट्या आट्यांच्या बाजूचा चेकनट ढिला. बोटाने फिरत होता. सुलट्या समजून मी तो आवळण्याऐवजी सैल करून ठेवला असणार. दांडी एक बाजूभर फिरलीही होती, म्हणजे अर्धा मिमी गेला. परत आणली, दोन पाने लावून आवळली, आणि नट, दांडी आणि रॉड-एंड यांवरून सलग एक पिवळी रेघ ओढली. रेघ तुटली की खाली वाकूनही कळेल.

ओळंबेवाला

रेघ एका बाजूलाच ओढलीत की दोन्ही?

शिकाऊ_फिटर

...एकाच. जातो खाली.